धुणं, घर आणि एक राहिलेली गोष्ट
(आपल्या 1994 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला सांगितलं गेलं होतं, "पंधरा मिनिटं बोल, जर्मनीबद्दल बोल, पण कंपनीबद्दल बोलू नको, झोप येते." म्हणून मी आज दोनच गोष्टींवर बोलणार आहे. कपडे कसे धुवायचे आणि घर कसं घ्यायचं. हसू नका. परदेशात गेल्यावर मला सगळ्यात जास्त याच दोन गोष्टींनी रडवलं. आणि दुसऱ्या गोष्टीत माझी एक चूक आहे, जी मला आज इथेच सांगायची आहे.

विषय आत्ताच निवडायला आणखी एक कारण आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी मुलं तिकडे जाण्याची तयारी करत आहेत. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट, म्हणजे मी 2009 पासून राहतो तोच भाग. गेल्या वर्षभरात आपल्यापैकी चौघांनी मला मुलाबाळांसाठी फोन केला. प्रत्येकाने विचारलं, पगार किती मिळेल. खर्च कसा होईल, हे कोणीच विचारलं नाही. मीही जाताना विचारलं नव्हतं.

आधी धुण्याचं सांगतो.

आपलं लहानपण आठवा. रविवार म्हणजे धुण्याचा दिवस. शाळेचा पांढरा शर्ट, खाकी चड्डी, 501 ची वडी, मोगरी, आणि शेवटी निळीचं पाणी. माझ्या आईची एकच तक्रार असायची, ती थर्मलच्या राखेची. वारा दुर्गापूरकडून आला की दोरीवरचा पांढरा शर्ट काळ्या ठिपक्यांचा व्हायचा आणि सोमवारी पीटीचे सर विचारायचे, "शर्ट धुतला नाही का रे?" सर, तेव्हा बोलायची हिंमत नव्हती, आज सांगतो. धुतला होता. पण वाळायला वेळ लागत नव्हता, हे मात्र खरं. मे महिन्यात आपल्या चांद्यात पहिला कपडा दोरीवर टाकून शेवटचा टाकेपर्यंत पहिला वाळलेला असायचा. इस्त्रीला वरठ्याकडे द्यायचे पैसे नसले की तांब्यात निखारे घालून शर्टावर फिरवायचा.

हे सगळं डोक्यात घेऊन मी स्टुटगार्टला गेलो. पहिलं घर भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावर. त्या इमारतीत मशीन घरात ठेवायचं नाही, तळघरातल्या धुण्याच्या खोलीत ठेवायचं. प्रत्येकाचं मशीन, प्रत्येकाचं वीजमीटर, आणि भिंतीवर वारांचा तक्ता. मी तक्ता पाहिला. रविवारच्या रकान्यात कोणाचंच नाव नव्हतं. मला वाटलं, नशीब जोरावर आहे, रविवार रिकामा आहे! मी संध्याकाळी कपडे टाकले आणि वर येऊन भात लावला. पंधरा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दारात. आवाज चढवला नाही, रागावल्या नाहीत. फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. तिथे रविवार हा शांततेचा दिवस. दुकानं बंद, भिंतीला ड्रिल मारायचं नाही, आवाज करणारं मशीन लावायचं नाही. रोज रात्री दहा ते सकाळी सहा हीसुद्धा शांततेची वेळ. रकाना रिकामा होता, कारण त्या दिवशी कोणी धूतच नाही.

त्यानंतर महिनाभराने माझ्या दाराला एक पाटी लटकलेली दिसली. मला वाटलं जाहिरात आहे, मी काढून स्वयंपाकघरात ठेवून दिली. दोन आठवडे जिना कोणीच झाडला नाही. मग त्याच आजीबाई आल्या. ती पाटी म्हणजे त्या आठवड्याची पाळी होती. ज्याच्या दारावर पाटी, त्याने जिना झाडायचा, पुसायचा, आणि आठवडा संपला की शेजाऱ्याच्या दाराला लावायची. याला ते 'केअरवोखे' म्हणतात, झाडण्याचा आठवडा. ही श्वाबी लोकांची फार जुनी पद्धत आहे, पंधराव्या शतकातल्या नगरनियमांपर्यंत तिची मुळं सांगतात. पाटी माझ्या स्वयंपाकघरात अडकली आणि पूर्ण इमारतीचा क्रम थांबला. आपल्या वर्गात फळा पुसायची पाळी असायची, तशीच ही. मी तेव्हाही चुकवायचो, हे काही जणांना आठवत असेल.

तिसरी चूक महागात पडली. हिवाळ्यात कपडे वाळवायचे कुठे? तळघरातली दोरी कायम भरलेली. मी झोपायच्या खोलीत घडीचा स्टँड उभा केला आणि थंडी नको म्हणून खिडक्या घट्ट लावल्या. ओल्या कपड्यांतलं पाणी हवेत गेलं आणि हवेतून थंड भिंतीवर बसलं. मार्चमध्ये कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी. तिथे भाडेकरू दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवतो, बाहेर बर्फ असला तरी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले गेले. तिथे डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं, म्हणजे रक्कम लहान नसते. पोराबाळांना सांगा, कपडे घरात वाळवा, पण खिडकी उघडा.

आणि मशीनवरचे आकडे. 30, 40, 60, 90. तिथलं मशीन पाणी स्वतःच तापवतं. माझ्या लग्नातली बायकोची आरमोरीची कोशाची साडी मी मदत म्हणून 60 वर टाकली. त्यानंतर ती साडी आमच्या मुलीच्या बाहुलीला झाली असती. आरमोरीला कोसा विणणारे हात काय मेहनत घेतात, हे आपण गडचिरोलीच्या सहलीत पाहिलं होतं. बायको तीन दिवस बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

आई 2012 मध्ये पहिल्यांदा आली. मशीनच्या काचेसमोर पाटावर बसून तिने एक पूर्ण फेरी पाहिली. मग म्हणाली, "एवढ्याशा पाण्यात मळ निंगते का रे? हे तर तेच पाणी घुसळते." मी म्हटलं, एका वेळी साधारण 50 लिटर लागतं. ती म्हणाली, "मंग मी दोन बादल्यांत धुतो ते काय वाईट हाय?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ती तिथे होती तोवर स्वतःची लुगडी बाथटबमध्ये हातानेच धूत होती. एकदा डिसेंबरात तिने माझी जीन्स बाल्कनीत टाकली. सकाळी ती लाकडासारखी कडक, स्वतःच्या पायावर उभी राहील अशी. आई घाबरली. पण बर्फ झालेलं पाणीही हळूहळू हवेत उडून जातं, कपडा वाळतो. हे आपल्याला विज्ञानाच्या सरांनी संप्लवन म्हणून शिकवलं होतं, कापूर आणि डांबरगोळीचं उदाहरण देऊन. सर, तुमचं संप्लवन मला स्टुटगार्टच्या बाल्कनीत दिसलं.

आता घराचं.

श्वाबी माणूस आयुष्यभर राबतो ते घर बांधायला, अशी त्यांची जर्मनीभर थट्टा होते. घरासाठी बचत करणाऱ्या संस्थांची चळवळही याच भागातल्या वुस्टेनरोट नावाच्या गावातून 1920 च्या दशकात सुरू झाली. तरीही पूर्ण जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. मला मात्र वाटत होता. चांद्याहून कोणी फोन केला की दुसरा प्रश्न हाच, "घर घेतलं का बे?" दहा वर्षं भाडं भरल्यावर 2019 मध्ये आम्ही स्टुटगार्टजवळच्या एका गावात फ्लॅट बघितला. 72 चौरस मीटर. किंमत 3 लाख 20 हजार युरो.

मी हिशेब आपल्याकडच्या सवयीने केला. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 5 टक्के, महापालिका हद्दीत वर 1 टक्का, बाईच्या नावावर घेतलं तर आता 1 टक्का सवलत. नोंदणी फी 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार रुपये. बांधकाम चालू असलेली इमारत असेल तर जीएसटी वेगळा. मला वाटलं तिकडेही असंच काहीतरी असेल, आणि बँक कर्जात सामावून घेईल. डाउन पेमेंटपुरती बचत होती. मी हो म्हटलं.

मग कागद आला. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये घर खरेदीवर कर 5 टक्के: 16 हजार युरो. दलालाचा माझ्या वाट्याचा भाग, व्हॅट धरून 3.57 टक्के: 11 हजार 424. नोटरी आणि जमीन-नोंदवहीचा खर्च: सुमारे 6 हजार. एकूण 33 हजारांच्या वर. त्या वेळी युरो साधारण 78 रुपये होता, म्हणजे 26 लाख रुपये. बँकेने सांगितलं, हा खर्च तुमच्या खिशातून, आम्ही घराच्या किमतीवर कर्ज देतो, करावर नाही. शिवाय तिकडे घरात ओटाही नसतो. भिंतीतून पाण्याचे नळ निघालेले आणि छतातून वायर लोंबकळत असतात. ओटा, शेगडी, कपाटं, दिवा सुद्धा आपण आणायचा.

चांगलं काय होतं, तेही सांगतो. तिथे नोटरीशिवाय घराचा व्यवहार होतच नाही. करारपत्राचा मसुदा दोन आठवडे आधी हातात पडतो. आणि सहीच्या दिवशी नोटरी पूर्ण करार मोठ्याने वाचून दाखवतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. भाषा पुरेशी येत नसेल तर दुभाषा लागतो. आमचं वाचन तासभर चाललं. आपल्याकडे दुय्यम निबंधक कार्यालयात आपण फोटो काढतो, अंगठा देतो, सह्या करतो. आत काय लिहिलं आहे ते किती जण वाचतात? हात वर करा. बघा, एक वकीलसाहेबच.

दुसरी गोष्ट, त्यांच्या जमीन-नोंदवहीत ज्याचं नाव, तो मालक, असं कायदा धरून चालतो. त्या नोंदीवर विश्वासून घेणाऱ्याला संरक्षण आहे. आपला सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे, म्हणून आपण वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतो. आणि आपल्या दोन जिल्ह्यांत तर जास्तच सांभाळायला लागतं. जमीन भोगवटदार वर्ग 2 ची आहे का, अकृषक झाली आहे का, आदिवासी खातेदाराची आहे का, कागदावर झुडपी जंगल तर नाही ना. चंद्रपूर-गडचिरोलीसह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत हा झुडपी जंगलाचा शेरा 1980 च्या वनसंवर्धन कायद्यापासून किती जणांच्या घराला आडवा आला, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

व्याजाचं एक सांगतो. तिथे बहुतेक लोक दहा वर्षांसाठी दर बांधून घेतात. आम्हाला 2019 मध्ये दीड टक्क्याच्या आत मिळाला. 2022 च्या अखेरीस तोच दर 4 टक्क्यांच्या आसपास गेला. दहा वर्षांनी सहा महिन्यांची नोटीस देऊन दंडाशिवाय कर्ज फेडता येतं, नाहीतर त्या वेळचा दर घ्यायचा. माझी मुदत 2029 मध्ये संपेल. तोवर जमेल तेवढं फेडायचं, एवढंच हातात आहे. आता जाणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं: घराची किंमत 100 असेल तर हातात किमान 110 चा विचार हवा, आणि वरचे 10 आपले स्वतःचे हवेत. तोवर भाड्याने राहावं, लाज वाटून घेऊ नये.

मी लाज वाटून घेतली. आणि आता ती चूक सांगतो.

तुकूमला आमचा एक प्लॉट होता. माझे बाबा आणि त्यांचे थर्मलमधले सोबती, दोघांनी 1988 मध्ये लागून दोन प्लॉट घेतले होते. पगारातून हप्ते भरून. त्या सोबत्यांचा मुलगा आपल्याच वर्गात होता. तो इथे बसला आहे. मी नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही, आणि तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. दोघांच्या बाबांचं ठरलं होतं की पोरं मोठी झाली की मधली भिंत न घालता दोन घरं बांधायची.

बाबा 2014 मध्ये गेले. बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलं आणि प्लॉट माझ्या नावावर झाला. पण सांभाळला कोणी? त्याने. दरवर्षीचा कर तो भरायचा, बाभळी तो काढायचा, तारेचं कुंपण दोनदा त्याने केलं. एकदा कोपऱ्यात कोणी पानठेला टाकला, तर हा रात्री जाऊन समजावून काढून आला. माझ्याकडून पैसे मागितले नाहीत. मी पाठवले तर म्हणायचा, "राहू दे, येशील तेव्हा हिशेब करू."

2019 मध्ये मला 26 लाख हवे होते आणि वेळ नव्हता. मी दहा दिवसांची सुट्टी काढून आलो, दलालाला गाठलं, आठव्या दिवशी सौदा केला. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानेच घेतला असता, फक्त थोडा वेळ मागितला असता. मला तो वेळ द्यायचा नव्हता. शिवाय त्याच्या तोंडाकडे बघून किंमत सांगायची लाज वाटत होती. मनाशी म्हटलं, सही झाल्यावर सांगू. पण सही झाल्यावर सांगणं जास्तच अवघड झालं, आणि मी न सांगता परत गेलो. त्याला कळलं ते नवीन मालकाचा मोजणीवाला टेप घेऊन आला तेव्हा. हा कुंपणाजवळ उभा राहून म्हणाला, "थांबा, हे माझ्या मित्राचं आहे." मोजणीवाल्याने त्याला कागद दाखवला.

आणि त्या घाईने साधलं काय? विकणारा परदेशस्थ असला की खरेदीदाराला मोठा टीडीएस कापावा लागतो. कमी कापावा म्हणून आयकर खात्याचं प्रमाणपत्र आधी घेता येतं, पण त्याला वेळ लागतो, आणि मी वेळ काढला नव्हता. उरलेले पैसे एनआरओ खात्यात, मग सीएचं प्रमाणपत्र, मग 15 सीए, 15 सीबी. पैसे पोचायला दोन महिने लागले. तोवर दलालाचं बिल मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून उसने घेऊन भरलं. म्हणजे घाई करूनही उधारी चुकली नाही. मित्राशी दोन महिने बोलून व्यवहार केला असता तरी चाललं असतं.

आईला मी नवीन घरी घेऊन गेलो. तिने घर फिरून पाहिलं, चांगलं आहे म्हणाली. मग बाल्कनीत दोरी बांधली. तिथल्या सोसायटीचा नियम आहे की कपडे कठड्याच्या वर दिसू नयेत, म्हणून खाली बांधली, गुडघ्याएवढी. वाकून कपडे टाकता टाकता तिने विचारलं, "त्याले सांगितलं होतंस ना?" मी काही बोललो नाही. तिला कळलं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि 2021 मध्ये ती गेली. तेव्हा विमानं नीट सुरू नव्हती, मी पोचू शकलो नाही. तिला खांदा द्यायला तो होता. आधीची दोन वर्षं त्याने माझा फोन उचलला नव्हता. त्या दिवशी त्याने स्वतःहून फोन केला आणि सगळं मला दाखवत राहिला.

परवा नागपूर विमानतळावर मला घ्यायलाही तोच आला. जामच्या चौरस्त्यावर चहाला थांबलो. मी बोलायला सुरुवात केली तर म्हणाला, "चहा थंडा होऊन राहिला." म्हणून तिथे बोललो नाही. आज इथे, सरांसमोर आणि सगळ्यांसमोर बोलतो, म्हणजे तो चहाचं कारण सांगू शकणार नाही.

भाऊ, मी तुला विचारायला पाहिजे होतं. प्लॉट माझ्या नावावर होता, पण राखलेला तू होता. चुकलो.

काल आम्ही दोघं तुकूमला जाऊन आलो. तिथे आता दोन मजली घर आहे. गच्चीवर दोरीवर शाळेचे दोन शर्ट वाळत होते. तो म्हणाला, चांगली माणसं आहेत, पाणी कमी पडलं तर माझ्याकडून पाइप घेतात.

जाणाऱ्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे. कोणता कपडा किती आकड्यावर धुवायचा ते लिहून घ्या. शेजाऱ्याच्या दारावरची पाटी वाचायला शिका. वरचे दहा टक्के आधी साठवा. आणि गावाकडचं काही विकायची वेळ आलीच, तर ते ज्याने राखलं त्याला पहिला फोन करा.

सर, बाई, तुम्हा सर्वांना नमस्कार. पंधरा मिनिटांवर पाच मिनिटं जास्त झाली, त्याची शिक्षा म्हणून आजचा फळा मी पुसतो.